बुऱ्हान पहिला, बुऱ्हान दुसरा

जुलेखाबी प्लेन टेबलच्या समोर येऊन बसली, तेव्हा माझी निम्मी मोजणी झाली होती.

एप्रिलचा शेवट होता. वावरं उघडी पडलेली, पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून बांधाला रचलेल्या. मोजणीला हाच हंगाम, कारण उभ्या पिकात साखळी ओढता येत नाही. प्लेन टेबल म्हणजे तीन पायांवर उभा केलेला लाकडी पाट. त्यावर कागद ताणायचा आणि शेतातल्या खुणांवर नजर धरून नकाशा तिथल्या तिथे उतरवायचा. नजर आणि खूण यांच्यामध्ये कोणी आलं की काम थांबतं. जुलेखाबी नेमकी तिथेच बसली होती. साठी ओलांडलेली, बारीक अंगाची बाई. हातात विळा होता, पण तो धाक दाखवायला नव्हता. ती कामावरून तशीच उठून आली होती.

"मावशी, जरा बाजूला व्हा," मी म्हणालो.

"मोजा ना. मोजाले कोण नाई म्हणते? पण हे वावर माह्या बापाचं हाय, येवढं ध्यानात ठेवा."

मी ते ध्यानात ठेवलं नाही. 'माह्या बापाचं वावर' हे शब्द नोकरीत मी इतक्यांदा ऐकले होते की त्यांचा अर्थच माझ्यापुरता झिजून गेला होता. ज्याचं वावर असतं तो हे म्हणतो, आणि ज्याचं नसतं तो जरा मोठ्याने म्हणतो. माझ्या शिपायाने समजूत घालून तिला लिंबाखाली नेलं आणि मी पुढच्या खुणेकडे नजर लावली. आज आठवलं तरी स्वतःचा राग येतो.

मी भूकरमापक होतो. लोकांच्या भाषेत मोजणीवाला. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी आमचं ऑफिस होतं. गाव अमडापूरच्या बाजाराला जाणाऱ्या गावांपैकी एक. त्याचं नाव सांगत नाही, कारण माणसं अजून तिथेच नांदताहेत.

बीटी कापूस नुकता आला होता ते दिवस. कृषी खात्याला शेतीची अवस्था पिकावरून कळत असेल, आम्हाला ती अर्जांवरून कळायची. चांगल्या साली लोक मोजणीला येत नाहीत. बांध दोन हात इकडे गेला काय आणि तिकडे गेला काय, कोणाला फिकीर नसते. त्या वर्षांत मात्र अर्जांचे गठ्ठे पडायचे. वावर पिकेना झालं की माणूस आधी आभाळाकडे बघतो, मग शेजाऱ्याच्या बांधाकडे. सख्खे भाऊ समोरासमोर उभे राहून माझ्या साखळीची कडी न् कडी मोजायचे. एकाने तर साखळी ताणलेली नाही म्हणून मला उन्हात तिसऱ्यांदा मोजायला लावलं होतं.

या मोजणीचा अर्जदार होता शेख बुऱ्हान शेख हुसेन. अठ्ठावीस वर्षांचा, बोलायला मऊ, बारावीपर्यंत शिकलेला. आई आधीच गेलेली, वडील हुसेनभाई आदल्या हिवाळ्यात वारले. हा एकुलता एक. लागोपाठ दोन वर्षं त्याने कोणाकडून तरी सुटं बियाणं आणून लावलं होतं. देणाऱ्याने बीटी म्हणून दिलं, बोंडअळीला काही ते बीटी वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी तर त्याने वेचणीही केली नाही, वावरात बकऱ्या सोडल्या. आणि अशात त्याला एक संधी चालून आली होती.

आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेला, जालन्याच्या बाजूला, कंपन्या शेतकऱ्यांकडून बियाण्याचे प्लॉट करून घेतात. नर कपाशीचं फूल मादी कपाशीच्या फुलाला हाताने लावायचं, असं रोज सकाळी, महिनाभर. त्यातून जी सरकी निघते ती पुढच्या साली बियाणं म्हणून विकली जाते. कंपनी आणि शेतकरी यांच्या मधल्या माणसाला ऑर्गनायझर म्हणतात. अशा ऑर्गनायझरने बुऱ्हानचं वावर पाहिलं, विहीर पाहिली आणि होकार दिला. अट एकच. प्लॉटला लागून दुसरी कपाशी नको, नाहीतर वाऱ्याने आणि माशांनी परके पराग येऊन बियाणं बिघडतं.

आणि लागून दुसरी कपाशी होती. त्याच सहा एकरांच्या गटात, विहिरीच्या अंगाला, दोन एकर जुलेखाबी करायची. ती बुऱ्हानची फुफी, म्हणजे आत्या. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली, मूलबाळ नाही. तेव्हापासून त्या दोन एकरांत ती स्वतः राबायची आणि दरवर्षी पऱ्हाटीच लावायची. बुऱ्हानने तिला सांगून पाहिलं होतं की आता वावर माझ्याकडे दे, घरात राहा, दोन वेळची भाकर मी घालीन. ती म्हणाली, भाकर मला करता येते. चारदा बोलणं झालं, चारदा मोडलं. शेवटी कोणीतरी त्याला सल्ला दिला की सरकारी मोजणी आण. फुफीचा तुकडा अतिक्रमण म्हणून नकाशावर आला की पुढे बोलायलाच नको.

सातबारा सगळ्यांना माहीत असतो, तरी थोडक्यात सांगतो. वावर कोणाचं आणि त्यात काय पेरलं हे सांगणारा तो सरकारी कागद. मोजणीचा अर्ज करायचा तर सातबाऱ्यावर नाव असलेला माणूसच करू शकतो. त्याला आम्ही खातेदार म्हणतो. मी नियमाप्रमाणे नाव ताडून पाहिलं. सातबाऱ्यावर शेख बुऱ्हान शेख हुसेन. अर्जावर शेख बुऱ्हान शेख हुसेन. निवडणुकीच्या ओळखपत्रावर शेख बुऱ्हान शेख हुसेन. काना-मात्रेचा फरक नाही. मी समाधानाने टिकमार्क केली.

मोजणी संपली. गट दोन हेक्टर त्रेचाळीस आर भरला, म्हणजे सहा एकर. जुलेखाबीचा तुकडा एक्याऐंशी आर, म्हणजे दोन एकर. ऑफिसात आल्यावर तेवढ्या तुकड्यावर मी लाल पेन्सिलीने तिरक्या रेघा मारल्या आणि बाजूला लिहिलं, 'अतिक्रमण, जुलेखाबी'. अर्जदाराला जो नकाशा मिळतो त्याला 'क प्रत' म्हणतात. ती तयार करून साहेबांच्या टेबलावर सहीला ठेवली. सोमवारी बुऱ्हान ती न्यायला येणार होता. ट्रॅक्टरवाल्याला त्याने मंगळवारचा शब्द दिला होता, हे त्यानेच मला सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. मलाही नाही वाटलं.

शुक्रवारी मी पुन्हा त्याच गावात होतो. काम दुसरं होतं, एका पाटलाच्या वावराचं. मोजणीआधी लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस द्यावी लागते. त्यात एक शेख बुऱ्हान होता, आणि माझ्या शिपायाने नोटीस भलत्याच बुऱ्हानच्या हातात दिली होती. खरा बुऱ्हान येऊन भांडला, खोटा येऊन म्हणाला माझं तर तिकडे वावरच नाही. मतदार यादी आणून पाहिली तर गावात पाच बुऱ्हान. उन्हाने आणि बुऱ्हानांनी माझं डोकं उठलं, आणि मी काम थांबवून रऊफ मास्तरांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

रऊफ मास्तर उर्दू शाळेचे निवृत्त हेडमास्तर. पंच म्हणून सही करायला गावात त्यांच्याइतका भरवशाचा माणूस नव्हता. त्यांना इतिहासाचा नाद. आयुष्यभर पोरांना इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर पोरं मिळेनात म्हणून आमच्यासारख्यांना पकडायचे. मी चहा घेता घेता कुरकुर केली की तुमच्या गावाला दुसरं नाव सुचत नाही का.

मास्तर खुलले. घरात जाऊन एक तक्ता घेऊन आले. शाळेच्या भिंतीवर लावायला त्यांनी स्वतः रंगवलेला, कडेने वाळवी लागलेला. त्यावर नुसते बुऱ्हान होते. सगळ्यात वर खुलदाबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन. सातपुड्याकडचं बुऱ्हाणपूर त्यांच्याच नावाने वसलं, खानदेशच्या सुलतानांनी वसवलं. त्यांच्यावरच्या श्रद्धेनेच इकडे घरोघर हे नाव आलं, असं मास्तरांचं म्हणणं. त्याच्या खाली राजे. नगरच्या निजामशाहीत एक नाही, तीन बुऱ्हान. पहिला लहान वयात गादीवर बसला. त्याचा मुलगा हुसेन, विजयनगरच्या लढाईतला. आणि त्या हुसेनचा मुलगा पुन्हा बुऱ्हान, तो दुसरा. तिसरा बराच नंतरचा, राज्य बुडायला आलं तेव्हाचा.

"अन् हा आपला," मास्तरांनी एका बाजूच्या चौकटीवर बोट ठेवलं. "वऱ्हाडचा. बुऱ्हान इमादशहा. लेकरू होतं गादीवर बसलं तवा. वजिरानं त्याले नरनाळ्याच्या किल्ल्यात कोंडलं अन् राज्य आपण केलं. नाव राजाचं, कारभार वजिराचा. मंग नगरवाले आले अन् दोघायलेही घेऊन गेले."

मला त्या वजिरापेक्षा नगरच्या रांगेची मजा वाटली. बुऱ्हान, हुसेन, बुऱ्हान. मी विचारलं, राजाच्या घरातही नावांचा असा दुष्काळ?

मास्तर म्हणाले, दुष्काळ कसला, रिवाज आहे. आज्याचं नाव नातवाला. तुमच्याकडेही आहे, आमच्याकडेही. आजा गेला की त्याच साली घरात पोरगा झाला तर दुसरं नाव कोणी काढतच नाही. मग पुढे ते जे बोलले ते मी आजवर विसरलो नाही.

"फरक येवढाच हाय साहेब, का इतिहासवाल्यायनं राजायले नंबर देले. पह्यला, दुसरा, तिसरा. नाईतं पोट्टे पेपरात एकाचा बाप दुसऱ्याले लावत. तुमच्या सातबाऱ्यात हाय का नंबर? आता आमच्या हुसेनभाईचंच घर घ्या. बापाचं नाव बुऱ्हान, आपलं हुसेन, पोराचं बुऱ्हान. निजामशाहीच हाय थे. कोणता बुऱ्हान म्हणून कोण विचारते?"

चहाचा पेला माझ्या हातात तसाच राहिला. हुसेनचा बाप बुऱ्हान. त्या बुऱ्हानच्या बापाचं नाव काय? मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, हुसेन. तोही हुसेनच.

म्हणजे आजाही शेख बुऱ्हान शेख हुसेन आणि नातूही शेख बुऱ्हान शेख हुसेन. सातबाऱ्यावरचा कोणता?

मी मोजणी टाकून तलाठ्याकडे गेलो. सातबाऱ्यावर नावाशेजारी एका गोलात आकडा असतो. तो फेरफाराचा नंबर. हे नाव इथे कधी आणि कशामुळे लागलं त्याची नोंद फेरफाराच्या रजिस्टरात सापडते. तलाठ्याने जुनं रजिस्टर काढून धूळ झटकली. नोंद सापडली. बुऱ्हानचं नाव त्या गटाला लागलं त्याची तारीख अर्जदार बुऱ्हानच्या जन्माच्या अकरा वर्षं आधीची होती.

नाव माणसापेक्षा वयाने मोठं होतं. अर्जदार माझ्यासमोर उभा होता तो अठ्ठावीस वर्षांचा, आणि मी त्याचं वय न विचारता फक्त अक्षरं जुळवली. नोंद पाहायला पाच मिनिटं लागली असती. वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाची ही चूक आहे, आणि ती मी कोणावर ढकलत नाही.

बाकीची गोष्ट मास्तरांनी पुरी केली. म्हातारा बुऱ्हान वारला त्याच साली नातू झाला. वारस नोंद करायला त्या वेळचा तलाठी घरी आला होता. वारस नोंद म्हणजे मेलेल्याचं नाव कमी करून त्याच्या मुलाबाळांची नावं चढवणं. हुसेनभाई त्याला म्हणाले, नाव कशाला बदलता, आमच्या पोराचं नाव तेच ठेवलंय, शेवटी जाणार त्यालाच. तलाठ्याचंही लिहिणं वाचलं. दोघांनी चहा घेतला आणि नाव तसंच राहिलं. आजा मातीत गेला, कागदावर तसाच उभा राहिला, आणि नातू हळूहळू त्याच्या नावात शिरला. थोरल्याचा कोट लहानग्याला पुढे मापात बसतो, तसा.

मी जुलेखाबीचं विचारलं. मास्तरांनी सांगितलं की आमच्यात मुलाला दोन हिस्से तर मुलीला एक. भाऊ एक, बहीण एक, म्हणजे तीन हिस्से. ती विधवा होऊन आली तेव्हा हुसेनभाईंनी मास्तरांना सोबत घेऊन पावलांनी वावर मोजलं आणि विहिरीच्या अंगाचा एक हिस्सा तिला दिला. कागद केला नाही, पण वाटा चोख काढला. मी मनातल्या मनात दोनशे त्रेचाळीसला तीनने भागलं. एक्याऐंशी. माझी साखळी आणि हुसेनभाईंची पावलं यांत गुंठ्याचाही फरक नव्हता. ज्या आकड्यापुढे मी अतिक्रमण लिहून आलो होतो, तो तिच्या हक्काचा आकडा होता.

संध्याकाळी साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो. साहेब पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता, पण महिनाअखेरीला निकाली प्रकरणांचा आकडा वर पाठवावा लागतो, तेव्हा त्यांची मान आखडायची.

"साहेब, ती क प्रत देऊ नका."

"सही झालीय. का देऊ नको?"

"अर्जदार खातेदार नाही."

"सातबाऱ्यावर त्याचं नाव मी स्वतः पाहिलंय."

"ते त्याच्या आजोबांचं आहे. ते वारून अठ्ठावीस वर्षं झाली."

साहेबांनी चष्मा काढला. मग मोजणी कोणाच्या अर्जावर केलीत, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, चुकीच्या माणसाच्या. हे लिहून द्याल? देतो म्हणालो. ते थोडे नरमले, मग आमच्या खात्यातलं नेहमीचं वाक्य त्यांनी मला ऐकवलं की आपण हद्द दाखवतो, हक्क दाखवत नाही, त्या बाईचा वाटा असेल तर तिने कोर्टात जावं.

"ती कोर्टात पोचेपर्यंत तिच्या वावरातून ट्रॅक्टर फिरलेला असेल," मी म्हणालो. "आणि तो फिरवणाऱ्याच्या हातात आपल्या सहीचा नकाशा असेल."

मग त्यांनी क प्रत उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि म्हणाले, रिपोर्ट द्या. मी तिथेच बसून रिपोर्ट लिहिला. दोन बुऱ्हानांचा घोळ होऊ नये म्हणून मास्तरांच्या पद्धतीने लिहिलं, शेख बुऱ्हान पहिला आणि शेख बुऱ्हान दुसरा. साहेबांनी वाचलं आणि विचारलं, ही काय निजामशाही आहे? थोडीफार आहे साहेब, मी म्हणालो. त्यांनी दोन्ही शब्द खोडून 'मयत' आणि 'हयात' लिहिलं. आठ दिवसांनी मला कारणे दाखवा नोटीस आली. ती मिळणारच होती.

सोमवारी बुऱ्हान ऑफिसात यायला निघण्याआधीच मी त्याला गावात गाठलं. तलाठ्याच्या खोलीत तो, जुलेखाबी, रऊफ मास्तर आणि मी. फुफी आणि भाचा दोन कोपऱ्यांत एकमेकांकडे पाठ करून बसल्यासारखे बसले होते. मी रजिस्टर उघडून त्याच्यासमोर ठेवलं आणि तारखेवर बोट ठेवलं. त्याला वाचता येत होतं. त्याने वाचलं, ओठांनी काहीतरी मोजलं, पुन्हा वाचलं.

"हे आज्याचं नाव हाय?"

"हो."

"मंग माह्यं नाव कुठं हाय?"

तलाठी उगाच पुढची पानं उलटत राहिला, खरं तर त्यालाही माहीत होतं. मीच म्हणालो की कुठेच नाही, अजून तरी नाही.

मी समजत होतो तो भडकेल. तो भडकला नाही, त्याचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने सांगायला लागला, पण आमच्यापैकी कोणाला असं नाही. तो लहान असताना हुसेनभाई सातबारा काढून आणायचे आणि त्याला मांडीवर घेऊन दाखवायचे, पाह्य, हे तुह्यं नाव. शाळेत जायच्या आधी त्याला आपलं नाव ओळखता यायचं ते त्या कागदावरून. दोन वर्षं पीक गेलं तेव्हाही तो रात्री तो कागद काढून बघायचा. वावर आहे, आपल्या नावाचं आहे, एवढा आधार होता. हे ऐकताना मला त्याच्याकडे बघवेना. एका बाईला बेदखल होण्यापासून वाचवायला मी निघालो होतो, आणि तिच्याच भाच्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती.

"अब्बानं मले खोटं काऊन सांगतलं?" तो मास्तरांना म्हणाला.

उत्तर जुलेखाबीने दिलं. त्या दिवशी ती प्रथमच त्याच्याकडे वळून बोलली.

"तुह्या अब्बानं खोटं नाई सांगतलं, बेटा. नाव तुह्यंच हाय. वावर तेवढं आपल्या दोघायचं हाय."

मग मी दोघांना रीतसर समजावलं. आजोबांचं नाव कमी करायचं. एक हिस्सा जुलेखाबीच्या नावावर, दोन हिस्से हुसेनभाईंचे म्हणून बुऱ्हानच्या नावावर. पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्यांची सही. जुलेखाबीने मला एकच विचारलं, कागदावर माह्यं नाव आलं का मंग मले कोण उठवीन? मी म्हणालो, कोणी नाही. मी नाही, तहसीलदार नाही, हाही नाही.

विळा नव्हता तरी तिचा हात मांडीवर विळा धरल्यासारखा होता. भाच्याचा प्लॉट अजून अडकलेलाच होता, कारण तिच्या दोन एकरांतली पऱ्हाटी प्लॉटला लागूनच येणार होती. बुऱ्हान त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. आता मागायला त्याला तोंड नव्हतं. बोलली तीच.

"औंदा माह्या दोन एकरात ज्वारी राहीन अन् तूर राहीन. पऱ्हाटी नाई. तू तुह्या चारात प्लॉट कर."

मास्तरांनी विचारलं, मग इतके दिवस का अडून बसलीस? ती म्हणाली, इतके दिवस तो 'वावर सोड' म्हणत होता, 'पऱ्हाटी सोड' कोणी म्हटलंच नाही. मास्तरांना हसू आलं. मला नाही आलं. मी त्या वावरात दिवसभर उभा होतो, आणि तिला एक प्रश्न विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.

ऑर्गनायझर आधी कुरकुरला, त्याला सहा एकर पाहिजे होते. पण त्या साली चांगल्या विहिरीचं वावर मिळणं त्यालाही सोपं नव्हतं. चार एकरांवर तो राजी झाला. प्लॉट कसा झाला ते मला नीट माहीत नाही, माझी पुढच्या वर्षी बदली झाली. पहिलं वर्ष बरं गेलं एवढं मास्तरांच्या पत्रातून कळलं.

नोंद मंजूर झाली ती पेरणीच्या तोंडावर. त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. तलाठ्याच्या खोलीबाहेर जुलेखाबी नवा सातबारा हातात धरून उभी होती, बुऱ्हान शेजारी. तिला वाचता येत नव्हतं. तिने कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, याच्यात मी कुठं हाय? मी तिचं बोट धरून तिच्या नावावर ठेवलं. जुलेखाबी शेख बुऱ्हान. ते बोट तिने बराच वेळ तिथून हलवलं नाही.

"अन् अब्बा?"

मी बोट वर सरकवलं. सातबाऱ्यावरून नाव कमी करतात तेव्हा ते खोडत नाहीत, त्याला कंस करतात. जुनं नाव दिसत राहतं, फक्त कंसात. तिला त्या दोन वाकड्या रेघा जाणवल्या असाव्यात. हे काय म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं की याचा अर्थ ते आता नाहीत.

"म्हंजे अब्बा आता गेले," ती म्हणाली.

आणि ती भिंतीला टेकून खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि रडली. मयत घरात असल्यावर बाई जशी रडते, तशीच. बुऱ्हान तिच्याशेजारी बसला आणि तिच्या पाठीवर हात फिरवत राहिला. नोंद मंजूर झाल्यावर लोक पेढे वाटतात; तलाठी आणलेला पुडा हातात घेऊन तसाच उभा होता.

मास्तरांच्या तक्त्यात राजा मेला की पुढच्या ओळीत दुसरा राजा आपोआप बसतो. सातबाऱ्यात तसं होत नाही. तिथे माणूस मरायलाही घरच्यांना अर्ज करावा लागतो, आणि तो वेळेवर करावा.